दुसरी मादी आणायची, पण आधी राणीचं ऑपरेशन

प्रश्न : आम्ही कोथरूडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघांच्या नोकऱ्या मिळून महिन्याला हातात १,३२,००० रुपये येतात. गृहकर्जाचा हप्ता ४६,५००, घरखर्च आणि सहावीतल्या मुलीची शाळा ४८,०००, एसआयपी १५,०००, विम्याचे हप्ते सरासरी ५,५००. घरात पाच वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, राणी. तिचं नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही. तिच्यावर महिन्याला ७,००० जातात : खाणं ४,३००, गोचीड आणि जंतांची औषधं ९००, लस-तपासणी सरासरी ५००, बाकी १,३००. एफडीत २,८०,००० आहेत. दिवाळीला दोघांचा मिळून ७०,००० बोनस येतो. राणी सकाळी ९ ते संध्याकाळी साडेसहा एकटी असते, तिला सोबत म्हणून मैत्रिणीच्या लॅबचं मादी पिल्लू घ्यायचं मनात आहे. पिल्लू ४५ दिवसांचं आहे, मैत्रीण १५,००० मागते. भांडी, पट्टे, गादी घरात आहेच, म्हणजे दुसरीचा खर्च निम्मा, ३,५०० पडेल असा अंदाज आहे. परवडेल का?

उत्तर : ताई, दुसरी कुत्री तुम्हाला परवडेल, पण आत्ता नाही, आणि शक्यतो हे पिल्लू नाही. तुम्ही आकडे इतके नीट लिहून पाठवले आहेत की उत्तर त्यातूनच निघतं.

आधी तो निम्म्या खर्चाचा अंदाज बाजूला ठेवू. भांडं आणि पट्टा एकदाच घ्यायच्या वस्तू आहेत, त्यात वाचून वाचणार किती? पोटात जाणारं अन्न मात्र वाटून घेता येत नाही. मोठी झालेली दुसरी लॅब राणीइतकंच खाईल, म्हणजे ४,३००. गोचीड-जंतांचं औषध वजनावर ठरतं, तेही ९००. लस-तपासणी ५००. किरकोळीत थोडी बचत होईल, तिथे १,३०० ऐवजी ८०० धरू. झाले ६,५००. वर्षात दहा दिवस तुम्ही गावाला जाणार. एका कुत्रीला आई-बाबा किंवा शेजारी सांभाळतात, दोन लॅब सांभाळायला सहसा कोणी तयार होत नाही. बोर्डिंगचे दिवसाला ९०० धरले तर वर्षाचे ९,०००, महिन्याला ७५०. एकूण ७,२५०. दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्यातली चांगली बोर्डिंग आधीच भरलेली असतात, तेव्हा दर याहून जास्तच लागतील.

यात दोघींच्या आजारपणासाठी महिन्याला २,००० बाजूला टाकायचे आहेत. ९,२५० झाले. तुमचे सगळे खर्च मिळून १,२२,००० होतात, शिल्लक राहतात १०,०००. म्हणजे दुसरी आल्यावर महिन्याला हातात ७५० रुपये उरतील. एखाद्या महिन्यात मुलीची सहल निघाली की क्रेडिट कार्ड बाहेर येईल, आणि थकलेल्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

पुढचा काळही पाहा. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगते. ७,२५० चा खर्च दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढत गेला तर १२ वर्षांत साडेपंधरा लाखांच्या आसपास होतो. हा आकडा घाबरवायला दिलेला नाही. ज्यांना कुत्री प्रिय आहेत त्यांनी तो खुशाल खर्च करावा. फक्त पाच वर्षांनी राणी दहाची असेल, सांधे दुखत असतील, आणि मुलगी त्याच वर्षी अकरावीत असेल. क्लासची फी आणि राणीची औषधं एकाच वेळी येणार, हे आजच कागदावर असू द्या.

आता ज्या खर्चाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, त्याकडे वळतो. एका घरातल्या कुत्र्यांमध्ये नर-मादीची जोडी सहसा सोपी जाते. दोन माद्यांची भांडणं जास्त चिवट असतात आणि एकदा रक्त निघालं की समेट अवघड होतो. घोळ असा होतो की पहिलं वर्ष छान जातं. पिल्लू लहान असतं, मोठी त्याला सांभाळून घेते, घरातले सगळे निर्धास्त होतात. पिल्लू दीड ते तीन वर्षांचं झालं, वयात आलं, की त्याला जेवण, दरवाजा, सोफा, मालकिणीच्या शेजारची जागा हवी असते, आणि बहुतेक वेळा नव्यानं आलेली धाकटीच कुरापत काढते. तोवर मैत्रिणीकडे परत देणं कुणालाच शक्य नसतं.

जमलं नाही तर दोघींना कायम वेगळं ठेवावं लागतं. दोन खोल्या, मध्ये जाळीचं दार, चार फेऱ्या, वेगळी जेवणं. दोघेही नोकरीला असल्यानं दुसरीच्या फेऱ्यांसाठी माणूस लागेल, त्याचे महिन्याला ४,००० धरले तरी वर्षाला ४८,०००. जखमांचे टाके, वर्तनतज्ज्ञाची फी वेगळी. तुमच्या ७५० रुपयांच्या शिलकीत हे बसत नाही. माझा नकार मुख्यतः इथे आहे. महिन्याचं बजेट ओढूनताणून बसवता येईल, पण बिघडलं तर सावरायला पैसा उरत नाही.

राणीचं ऑपरेशन झालेलं नाही, हा या पत्रातला सर्वांत तातडीचा मुद्दा आहे, दुसरी येवो न येवो. न केलेल्या मादीला वय वाढेल तसा पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. हीट, म्हणजे माजाचा काळ, संपल्यावर महिना-दोन महिन्यांत तो दिसतो : पाणी भसाभस पिणं, जेवण सोडणं, उलट्या, कधी स्राव. स्राव बाहेर येत नसेल तर जास्त वाईट, कारण लक्षात यायला उशीर होतो. मग ऑपरेशन तातडीचं, सलाईन, दाखल ठेवणं, सगळंच महाग, आणि जिवाला धोका. ठरवून केलेलं ऑपरेशन त्याच्या कितीतरी कमी पैशांत होतं. स्तनाच्या गाठींचा धोकाही लवकर ऑपरेशन केलेल्या माद्यांत कमी असतो. पाचव्या वर्षी तो फायदा फारसा उरत नाही, पायोमेट्राचा मात्र पुरेपूर मिळतो.

वेळ महत्त्वाची आहे. हीटमध्ये रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. म्हणून हीट संपल्यावर दोन ते तीन महिने थांबून करतात. राणीची शेवटची हीट कोणत्या तारखेला संपली ते कॅलेंडरवर बघा आणि त्यावरून तारीख घ्या. आधी रक्ततपासणी, मूत्रपिंड-यकृताची तपासणी करून घ्या, वजन जास्त असेल तर आधी उतरवा. लठ्ठ लॅबमध्ये भूल देणं आणि टाके भरणं दोन्ही जड जातं. नंतर १० ते १४ दिवस टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर, उड्या बंद. सगळं मिळून मी १८,००० धरले आहेत. तीन ठिकाणी भाव विचारा, औंधच्या शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातही चौकशी करा, आणि विचारताना तपासणी, भूल, औषधं, टाके काढणं धरून किती ते विचारा. नुसत्या ऑपरेशनचा भाव ऐकून तुलना केली की फसगत होते.

पिल्लाच्या बाबतीत अडचण अशी की लॅबसारख्या मोठ्या जातीत सांधे नीट तयार व्हावेत म्हणून मादीचं ऑपरेशन वर्ष उलटल्यावर करायचा सल्ला बरेच डॉक्टर देतात. म्हणजे तिची निदान एक हीट घरात होणार, साधारण तीन आठवड्यांची. हीट आणि त्यानंतरचं खोटं गरोदरपण या काळात माद्या खेळणी, कोपरे राखायला लागतात. राणीचंही ऑपरेशन नसेल तर ठिणगी पडायला एवढं पुरे. ऑपरेशननं असा ताण कमी होतो, पण एकदा जुंपलेलं वैर ऑपरेशननं हमखास मिटत नाही.

४५ दिवसांच्या पिल्लाबद्दल दोन शब्द. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबत २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. नियमामागे कारणही आहे. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू भावंडांत शिकतं. ते शिकायच्या आत उचललेलं पिल्लू पुढे राणीच्या कानाला लोंबकळेल.

आता तुमच्या मूळ हेतूकडे. राणी एकटी असते ना, मग आधी ती दिवसभर काय करते ते जुन्या मोबाइलवर चित्रित करून बघा. बहुतेक वेळ झोपत असेल तर तिला सोबतीची नाही, दुपारी एकदा पाय मोकळे करायची गरज आहे. दुपारच्या फेरीला माणूस ठेवला, महिन्याला ३,००० धरले, तर दुसऱ्या कुत्रीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास खर्चात काम होतं, आणि नाही जमलं तर पुढच्या महिन्यात बंद करता येतं. ती सतत रडत, दार ओरबाडत असेल तर तिचा जीव माणसांत अडकला आहे. तिथे दुसरी कुत्री आणूनही रडणं सहसा थांबत नाही, उलट दोघी रडतात.

हे सगळं करूनही दुसरी हवीच असेल, आणि ती इच्छा मी समजू शकतो, तर क्रम असा ठेवा. पुढच्या महिन्यापासून दुसरी आलीच आहे असं धरून ९,२५० रुपये पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप आवर्ती ठेवीत जाऊ द्या. एसआयपीला हात लावू नका. दुपारचा माणूस लावलात तर हा आकडा तेवढ्यानं कमी होईल आणि मुदत लांबेल. वर्षभरात १,११,००० जमतील, बोनसचे ७०,००० धरून १,८१,०००. राणीच्या ऑपरेशनचे १८,००० गेले, उरले १,६३,०००.

आणीबाणीचा निधी किती हवा? एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा खर्च १,०७,००० आहे, दुसरी धरून १,१४,२५०. दोन पगार असल्यामुळे चार महिने पुरे, म्हणजे ४,५७,०००. एफडी २,८०,००० आहे, कमी पडतात १,७७,०००. म्हणजे वर्षाअखेर फक्त निधी पुरा करायलाच १४,००० कमी पडतील. आज पिल्लू आणून सुरुवातीचे खर्च एफडीतून केलेत तर उरलेला पैसा दोन महिनेही पुरणार नाही.

सुरुवातीचा खर्च कोणती कुत्री आणता यावर ठरतो. पिल्लू असेल तर किंमत १५,०००, पहिल्या वर्षाच्या लसी ६,०००, पुढचं ऑपरेशन १५,०००, क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) आणि जाळीची दारं १२,०००, प्रशिक्षक १२,०००, एकूण ६०,०००. दत्तक घेतलेली, ऑपरेशन आणि लसी झालेली मोठी मादी असेल तर दारं-क्रेट १२,०००, प्रशिक्षक १२,०००, रक्ततपासणीसह तपासणी ४,०००, एकूण २८,०००. वरचे १४,००० मिळवून महिन्याला ९,२५० ने भागा : दत्तक मादीसाठी वर्षानंतर साडेचार महिने, पिल्लासाठी आठ. म्हणजे १७ महिने किंवा २० महिने. व्याज धरलेलं नाही, तो तुमचा फायदा.

मी दत्तक मोठ्या कुत्रीकडे झुकतो, आणि ते पैशांपेक्षा स्वभावासाठी. अडीच-तीन वर्षांच्या कुत्रीचा स्वभाव ठरलेला असतो, ती दुसऱ्या मादीशी कशी वागते ते आधी पाहता येतं. पिल्लात ते कळत नाही. इंडी, म्हणजे आपली देशी मादी असेल तर बहुधा कमी खाते, खर्चाचा आकडा आणखी खाली येतो. नर चालत असेल तर त्याचाही विचार करा, तो जास्त सोपा पर्याय आहे.

भेट घरात घडवू नका, सोसायटीच्या बागेतही नको, ती राणीची जागा आहे. अनोळखी शांत रस्त्यावर दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये पाच-सहा मीटर अंतर, एकाच दिशेनं चालायचं. रोज थोडं अंतर कमी. घरात आल्यावर जेवण बंद दाराआड, हाडं-खेळणी उचललेली, दोघींना एकटं सोडायचं नाही, काही महिने तरी. टक लावून बघणं, अंग ताठ होणं, मानेवर हनुवटी ठेवून उभं राहणं, वाट अडवणं दिसलं की शांतपणे वेगळं करा. गुरगुरण्यावर ओरडू नका. ती सूचना आहे, ती दाबली की पुढच्या वेळी थेट चावा बसतो. भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका, जाड चादर किंवा पुठ्ठा घाला. चावलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे.

विमा : पाळीव कुत्र्यांच्या पॉलिसी मिळतात, पण प्रवेशाला वयाची मर्यादा, सुरुवातीचा प्रतीक्षा कालावधी आणि लसी वेळेवर असण्याची अट असते. राणी पाच वर्षांची आहे, घ्यायचा तर याच वर्षी घ्या. तिऱ्हाइताला चावल्यास भरपाईचं संरक्षण आहे का ते पाहा. माणसांच्या आरोग्य विम्यावर आयकरात मिळणारी वजावट या हप्त्यावर मिळत नाही. महापालिकेचा परवाना प्रत्येक कुत्र्याचा वेगळा, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं.

मैत्रिणीला आजच नाही म्हणा, म्हणजे ती दुसरं घर शोधेल. दत्तक देणाऱ्यांकडे जाल तेव्हा ४५ ते ६० दिवसांच्या चाचणीची लेखी बोली करा. त्या काळातला दवाखान्याचा खर्च कोणाचा, न जमल्यास किती दिवसांत परत घेतील, आणि राणीला जखम झाली तर ते नव्या कुत्रीला त्याच दिवशी परत नेतील का, हे तिन्ही त्या कागदावर आलं पाहिजे. शेवटच्या प्रश्नाला हो म्हणणारी संस्था मिळेपर्यंत आवर्ती ठेव चालूच ठेवा.