सरकारी निर्णयांची खरी माहिती थेट सरकारी ठिकाणाहून कशी मिळवायची? व्हॉट्सअ‍ॅपवर आता विश्वास राहिला नाही.

तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून आमचे साडू आठवले, म्हणून लिहायला बसलो.

मी अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात 31 वर्षं काढली आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. वेतननिश्चिती, रजा, वैद्यकीय बिलं, सगळं जीआरवर, म्हणजे शासन निर्णयांवर, चालायचं. पूर्वी जीआर यायचा तो झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होऊन. परिशिष्टातला तक्ता भिंग लावूनही लागायचा नाही. पुढे शासन निर्णय संकेतस्थळावर मिळायला लागले तेव्हा ऑफिसात सगळ्यात जास्त आनंद मला झाला असेल. साडूंचं भुसार मालाचं दुकान. त्यांचा सिद्धान्त एकच, गावभर बोलतायत म्हणजे काहीतरी असणारच. यावरून आमचं वीस वर्षं वाजतंय.

2024 च्या जूनमध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली. 28 जूनचा महिला व बाल विकास विभागाचा शासन निर्णय मी दुसऱ्याच दिवशी उतरवून घेतला आणि पेन घेऊन वाचला. महिना 1500 रुपये, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, वय 21 ते 60. सासूबाईंना तेव्हा 63 वं चालू होतं. फोन करून सांगितलं, "आई, तुम्हाला बसत नाही. उगीच हेलपाटे घालू नका." त्या "बरं" म्हणाल्या. विषय संपला.

आठवडाभरात साडूंनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. गुलाबाची फुलं, हात जोडलेले आणि मजकूर असा की वय 65 केलं, पाच एकरांची अट काढली, मुदत 31 ऑगस्टपर्यंत. मी ताबडतोब खाली 28 जूनची पीडीएफ चिकटवली आणि लिहिलं, "अफवा पसरवू नयेत. शासन निर्णय वाचावा." बायको म्हणाली, जरा नरम लिहा. मी नाही लिहिलं.

साडूंनी उत्तर दिलं नाही. सासूबाईंना गाडीवर बसवून अंगणवाडीत नेलं आणि अर्ज भरून टाकला. केशरी रेशनकार्ड असल्याने उत्पन्नाचा दाखलाही लागला नाही. राखी पौर्णिमेच्या आधी त्यांच्या खात्यात 3000 रुपये आले. पौर्णिमेला आम्ही गेलो तर ताटलीत पेढे. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

झालं होतं असं की 3 जुलैला सुधारित शासन निर्णय निघाला होता. ते मेसेजमधलं अक्षर न् अक्षर खरं होतं. माझी पीडीएफही खरीच होती, फक्त शिळी होती. ज्याने जन्मभर प्रत्येक जीआरच्या डोक्यावरचं "वाचा", म्हणजे आधीच्या निर्णयांची यादी, आधी वाचलं, त्याने हे करावं! नव्या निर्णयात जुन्याचा संदर्भ असतो. जुन्या कागदाला नव्याची खबर नसते. पाच वर्षांपूर्वीची पीडीएफ आजही तितकीच ठणठणीत दिसते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर. राज्याचे शासन निर्णय पाहायचे तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग निवडा, तारखा टाका आणि *आजपर्यंतचे* सगळे खाली ओढून बघा. शुद्धिपत्रक, पूरकपत्र, परिपत्रक, काही सोडू नका. नुसता शब्द टाकून शोधलं तर एका वेलांटीने हुकतं, हा माझा अनुभव. फिरत आलेला जीआर खरा की खोटा हे बघायचं तर शेवटच्या पानावर संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो तारखेशी जुळतो का बघा आणि संकेतस्थळावर टाकून तोच कागद निघतो का तेही बघा. "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" ही ओळ हौसेची नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 मधून आली आहे. पण ती कोणीही टाइप करू शकतो, संकेतांक मात्र संकेतस्थळावर तपासता येतो.

"मंत्रिमंडळाची मंजुरी" या बातमीवर नाचू नका. ती महासंवादवर, म्हणजे राज्याच्या माहिती खात्याच्या संकेतस्थळावर, त्याच दिवशी दिसते, पण तालुक्याचा माणूस जीआर हातात आल्याशिवाय हलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. कायदा किंवा अध्यादेश असेल तर राजपत्र. केंद्राचं पीआयबीवर, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर, मराठीतही असतं.

एक राहिलंच. अधिकृत म्हणजे पूर्ण नव्हे. महासंवाद काय आणि पीआयबी काय, सरकार स्वतःबद्दल जे सांगतं तेच तिथे येणार. पीआयबीचं फॅक्ट चेकही सरकारचंच. योजना कुठे गळते हे बघायचं तर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल आणि विधिमंडळातली तारांकित प्रश्नांची उत्तरं वाचा. कंटाळवाणं आहे, पण मालमसाला तिथेच. शिवाय चांगला वार्ताहर दोन्हीकडचं बघून लिहितो, तेव्हा पेपर बंद करू नका. स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर मला त्यातलं कळत नाही.

साडू बरोबर निघाले म्हणून त्यांची पद्धत बरोबर ठरत नाही, हे मात्र मी सोडणार नाही. तो मेसेज खरा होता हे त्यांना कुठून माहीत होतं? कुठूनच नाही. त्याच महिन्यात त्यांनी अशी अजून चार फुलं टाकली होती, ती खोटी निघाली. त्यांचे पेढे कोणी वाटले नाहीत.

2025 च्या सप्टेंबरात याच योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली. त्या नावाने बनावट साइट फिरायला लागल्या, म्हणून मी परिपत्रक छापून, पत्त्याखाली लाल रेघ मारून सासूबाईंना फोन केला. "ते झालं की," त्या म्हणाल्या, "मोठ्या जावयांनी केलं." मी साडूंना फोन लावला, कुठल्या साइटवर केलं विचारलं. त्यांनी पत्ता अक्षर-अक्षर सुटा करून वाचून दाखवला. शेवटी गव्ह डॉट इनच होतं.