अपंग भावाच्या खेळासाठी गावातून वर्गणी काढावी का आणि कशी?

तुम्ही लिहिले आहे की तुमचा धाकटा भाऊ व्हीलचेअरवर असतो, बसून गोळाफेक करण्यात त्याला चांगली गती आहे आणि जिल्ह्याच्या पुढे जायची त्याची जिद्द आहे. शेती कोरडवाहू असल्यामुळे मित्रांनी गावातून वर्गणी काढण्याचे सुचवले, पण वडिलांना ते भीक मागण्यासारखे वाटते. माझी धाकटी बहीणही बसूनच गोळा आणि भाला फेकते. विहिरीच्या कठड्यावरून पडल्यापासून तिच्या पायांत ताकद नाही. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावाने तिच्या खेळाचा बराच खर्च उचलला आहे आणि त्या पैशांची वही पहिल्यापासून माझ्याकडे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वर्गणी जरूर काढा. मात्र वडिलांचा संकोच उडवून लावू नका, कारण त्यांना ज्याची भीती वाटते ते खरोखर घडते. 'बिचाऱ्या अपंग पोराला मदत करा' असे म्हणून मागितलेले पैसे एकदा मिळतात. दुसऱ्या वेळी लोक दार लोटून घेतात, आणि दरम्यान चावडीपासून एसटी स्टँडपर्यंत प्रत्येकाची कीव तुमच्या भावाला झेलावी लागते. त्याऐवजी 'अमुक वस्तू घ्यायची आहे, तिला इतका खर्च येतो, त्यातले इतके आम्ही घातले आहेत आणि इतके कमी पडतात' असे सांगितले की समोरचा माणूस किंमत विचारतो, घासाघीस सुचवतो, ओळखीचा दुकानदार सांगतो आणि मग खिशात हात घालतो. आमच्या आईने घरचे किती घातले हा आकडा पहिल्या ओळीत लिहायला लावला होता, आणि वर्गणीच्या कागदावर सगळ्यांत जास्त तोच वाचला गेला.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांची समजूत घालणे एका कारणाने सोपे गेले. मुरलीकांत पेटकर आमच्याच भागातल्या पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत जिंकले, आणि त्या दौऱ्याच्या प्रवासखर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार लागला होता. भारताच्या पहिल्या वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्णामागेही देणगी होती, हे ऐकल्यावर आमच्या चुलत्यांचा विरोध मावळला. पुढे २०२४ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले, तेव्हापासून तर हा खेळ काय आहे हे सांगत बसावे लागत नाही.

पैसे मागण्याआधी भावाचे वर्गीकरण कुठे होऊ शकते याची चौकशी करा. बसून फेकणाऱ्या खेळाडूंचे मुख्यतः एफ ५१ ते एफ ५७ असे वर्ग असतात. स्पर्धेच्या वेळी तज्ज्ञांचे पथक स्नायूंची ताकद आणि कमरेवरचा तोल तपासून वर्ग ठरवते, आणि त्याची गाठ कोणत्या खेळाडूंशी पडणार हे त्यावर अवलंबून असते. त्याचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) नसेल तर ते काम सर्वांत आधी. वर्ग ठरेपर्यंत मोठा खर्च करण्यात अर्थ नाही, म्हणून पहिली वर्गणी लहान ठेवावी, फक्त प्रवेश शुल्क, प्रवास आणि राहण्यापुरती. प्रवासाचा आकडा मांडताना रेल्वेची सवलत वजा करायला विसरू नका: सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. सवलत असताना पूर्ण भाडे मागितल्याचे एखाद्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने पारावर बोलून दाखवले, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

मोठा खर्च फेकण्याच्या फ्रेमचा, म्हणजे ज्या खुर्चीवर बसून फेकायचे तिचा असतो. ही खुर्ची म्हणजे व्हीलचेअर नव्हे. तिला चाके नसतात, ती पट्ट्यांनी जमिनीला आवळून बांधतात आणि खेळाडूला तिच्यावर पट्ट्यानेच बसवतात. बैठकीची उंची उशीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही; एका हाताने धरायचा उभा दांडा सरळ आणि एकसंध हवा; हलणारा सांधा किंवा स्प्रिंग कुठेही नको; पट्टे ताणले जाणारे नकोत. परदेशी फ्रेमच्या किमती पाहून आम्ही तो नाद सोडला आणि उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेलो. नियमांचा छापील कागद त्यांनी भिंतीला चिकटवला, बहिणीला एका फळीवर बसवले, उशी दाबून आणि न दाबता अशी दोन्ही मापे टेपने घेतली, आणि दांडा नेमका कुठे हवा हे ठरवण्यासाठी पाइपाचा तुकडा तिच्या हातात देऊन 'आता फेकल्यासारखे कर' असे सांगितले. ती मागे झुकून पुढे आली तेव्हा पाइप जिथे टेकला, तिथे त्यांनी खडूने खूण केली. तयार फ्रेम घेतली असती तर तिच्या आखूड हाताला हे माप मिळाले नसते. काकांनी लोखंडाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. ती मजुरी आम्ही बाजारभावाने वहीत देणगी म्हणून जमा दाखवली, आणि ते पान पाहून वेल्डिंगच्या रॉडचा दुकानदार आपण होऊन पुढे आला. वस्तूच्या आणि श्रमाच्या रूपाने येणारी मदत खेड्यात पैशांपेक्षा लवकर मिळते. तिची नोंद मात्र पैशांइतकीच काटेकोर ठेवली पाहिजे.

रोख रकमेसाठी आम्हाला दारोदार फिरावे लागले नाही, याचे श्रेय दूध संस्थेच्या सचिवांना आहे. आमच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचे बिल होते. ज्या सभासदाची इच्छा असेल त्याने एका बिलातून एक लिटरचे पैसे कापायला सहीनिशी संमती द्यावी, असे त्यांनी सुचवले, आणि बिलाच्या चिठ्ठीवर कपातीच्या रकान्यात पेंड आणि उचल यांच्याखाली बहिणीचे नाव आले. एक लिटर कोणालाच जड वाटत नाही, आणि ज्याने संमती दिली नाही त्याचे नाव कुठेच झळकत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. तुमच्या गावात दूध संस्था नसेल तर पतसंस्था, विकास सोसायटी किंवा बचत गट यांच्यामार्फत असे काही बसवता येते का ते पाहा. यात्रेच्या काळात मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात तेव्हा कुस्तीच्या मैदानात निवेदकाकडून एक घोषणा करून घ्यावी, एकच. वडिलांच्या किंवा आजीच्या स्मरणार्थ देणगी देणारेही बरेच असतात. त्यांना पावतीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असे लिहून हवे असते, म्हणून पावती पुस्तकात तेवढी जागा ठेवा.

पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो आधी सोडवावा. भावाच्या स्वतःच्या खात्यावर सगळी वर्गणी घेऊ नका. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर केवळ वरची नव्हे, संपूर्ण रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडून मिळालेल्या मदतीला हा नियम लागत नाही, म्हणून गावात नोंदणी असलेले चांगले मंडळ किंवा न्यास असेल तर त्याच्या ठरावाने आणि त्याच्या खात्यावर वर्गणी घेणे उत्तम. नोंदणी नसलेल्या मंडळांना जाहीर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाचे कार्यकर्ते दरवर्षी ती काढतात, त्यांना विचारा. देणगीदाराला प्राप्तिकरात देणगीवर मिळणारी ८० जीची करसवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता हवी, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही हेही त्याला आधीच सांगा. जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वाचणारे थोडेच असतात, पण तो लागतो हे सगळ्यांना ठाऊक असते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुम्हाला तो सगळा भावासाठी मागण्याचा सल्ला कोणीतरी देईल. माझ्या मते तसे करू नये. गावात ज्याला दिसत नाही तो म्हातारा असतो, जिला बोलता येत नाही ती मुलगी असते, आणि त्यांच्या नावाने कोणी वर्गणी काढणार नसते. भावाचा जो वाटा येईल तो घ्यावा. आणि भावासाठी ग्रामसभेत उभे राहणारच आहात, तर हा निधी सगळ्यांना वेळेवर मिळतो का, हेही विचारावे.

एका बाबतीत ठाम राहा. आमच्याकडे एका पुढाऱ्याने मोठी रक्कम जाहीर केली आणि पैसे येण्याआधी चौकात फ्लेक्स आला. त्याच्यावर पुढाऱ्याचा चेहरा पुरुषभर होता आणि कोपऱ्यात बहीण, तीही रुग्णालयातल्या जुन्या फोटोत. तो फोटो त्यांना कोणी दिला हे आजवर कळले नाही. बहिणीने स्वतः फोन करून फ्लेक्स उतरवायला लावला, रक्कम आली नाही, आणि आठवडाभर घरात कोणी तिला त्याबद्दल बोल लावला नाही. कोणता फोटो लावायचा, भाषणात आजाराबद्दल किती सांगायचे, कोणाचे पैसे नाकारायचे, हे तुमच्या भावाने ठरवावे. तुम्ही किंवा वडिलांनी नव्हे. त्याला गावापुढे बोलायचे नसेल तर वर्गणीच्या कागदावर त्याच्या फेकीचे अंतर आणि तारीख लिहा, तेवढे पुरते.

आणि त्याच कागदावर शेवटी एक ओळ असू द्या: त्याने खेळ थांबवला तर फ्रेम कोणाकडे जाईल आणि शिल्लक रकमेचे काय होईल. उद्या खांदा दुखावेल, नोकरी लागेल किंवा त्याला नकोसे होईल. तेव्हा लोकांच्या पैशांचे ओझे मानेवर ठेवून त्याला मैदानात उतरावे लागू नये. ही ओळ त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि वर्गणीची पहिली पावती फाडण्याआधी वडिलांना वाचायला द्या.