आधी यार्ड, मग अध्यक्षपद

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

वाहन उद्योगाच्या संघटनेत पुढे यायचं म्हणतेस, आणि त्यासाठी दिल्लीला बस्तान हलवू का, असं विचारतेस. गाड्या बनवणाऱ्यांची सियाम, सुटे भाग बनवणाऱ्यांची ॲक्मा, डीलरांची फाडा, तिघींची मुख्यालयं दिल्लीत आहेत, खरंय. पण एवढ्यात जाऊ नकोस. आधी अंधेरीतल्या तुमच्याच शोरूमच्या यार्डात उभी राहा.

कंपनी महिन्याच्या एक तारखेला जी 'विक्री' जाहीर करते, ती बहुतेक वेळा डीलरकडे रवाना केलेल्या गाड्यांची असते. गिऱ्हाइकाच्या नावावर पासिंग झालेल्या गाड्या सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसतात. दोन आकड्यांत जे अंतर पडतं, ते यार्डात ऊन खात उभं असतं आणि त्याचं व्याज डीलर भरतो. मंत्रालयात हे अंतर ज्याला दोन वाक्यांत सांगता येतं, त्याचं निवेदन वाचलं जातं. बाकीच्या शिष्टमंडळांना चहा मिळतो.

२०२० सालचं बघ. बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या निकषांच्या गाड्या विकायची मुदत ३१ मार्च, पाडवा २५ मार्चला. शिल्लक माल मुहूर्तावर उठेल, असा कित्येकांचा हिशेब. नेमका त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन! फाडा सुप्रीम कोर्टात गेली. लॉकडाऊन उठल्यावर दहा दिवस, शिल्लक मालाच्या दहा टक्के गाड्या दिल्ली-एनसीआर सोडून विकायची मुभा मिळाली. पण मर्यादेपेक्षा जास्त गाड्या विकल्या गेल्याचं कोर्टापुढे आलं आणि जुलैत तो आदेशच मागे घेतला गेला. नियम पाळणारेही त्यात भरडले. संघटनेचा नेता कोर्टात वा सरकारात शब्द देतो तो हजारो अनोळखी सभासदांच्या वतीने. म्हणून आपल्या माणसांकडून खरा आकडा काढून घेणं, प्रसंगी वाईटपणा घेऊन, हे भाषण करण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ते ज्याला जमत नाही त्याने हारतुरे घ्यावेत, पद घेऊ नये.

आणखी एक. बैठकीत समोसे आले की कुणीतरी हमखास म्हणतं, "सगळ्यांनी मिळून डिस्काउंट ठरवून टाकू या." तिथल्या तिथे थांबवायचं. २००२ च्या स्पर्धा कायद्यात असं संगनमत बसत नाही, आणि बैठक संघटनेची असेल तर संघटनाही गोत्यात येते.

अध्यक्षपद मानद असतं. शोरूम तुझ्यावाचून चालत असेल तरच त्या वाटेला जा. महासंचालकाची नोकरी पगारी, ती वाट वेगळी. तुझा स्वभाव पाहता मला दुसरी जास्त पटते, पण बाबांना हे पत्र दाखवू नकोस.

सध्या एवढंच कर. यार्डातल्या प्रत्येक गाडीचा तक्ता मांड: कधी आली, किती दिवस उभी आहे, व्याज किती चढलं. तो घेऊन शनिवारी दुपारी दादरला ये. मी घरीच असतो.

तुझा,
काका