नाडी ओवता येते ना? मग प्रोटीन पडद्यातून कसं जातं तेही कळेल

प्रश्न असा होता की पेशीतला पडदा तेलकट, त्यातून साधा सोडियमचा आयन पण आपोआप जात नाही, मग शेकडो अमिनो ॲसिडचं प्रोटीन पलीकडे जातं कसं, आणि ते जाताना पडदा गळत कसा नाही? पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा फारसं कोणी विचारत नाही, म्हणून जरा लांबच लिहितेय.

तुझा घोटाळा इथे होतोय की तू डोळ्यासमोर तयार गोळा आणतोयस, घडी बसलेलं प्रोटीन आणि त्याला मोठं दार. तसं नसतं रे, निदान ईआर (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पडद्यांचं जाळं) आणि मायटोकॉन्ड्रियात (पेशीचं पॉवरहाऊस) तरी नाही, तिथे गोळा व्हायच्या आधी किंवा गोळा उलगडून नुसता दोरा जातो.

मी बडोद्यात, दांडिया बाजारात घरीच ट्यूशन घेते, हा धडा आला की आतून परकर आणि नाडी घेऊन येते. पोरं आधी खिदळतात. मग एकाला सांगते, नुसती नाडी नेफ्यात ढकलून दाखव. ती आत चुरगळते, पुढे सरकतच नाही. मग टोकाला सेफ्टी पिन लावायची, चिमटीने पुढे सरकवत न्यायची, पलीकडे निघाली की पिन काढून ठेवायची, कारण तिचं काम संपलं.

ईआरमध्ये ही पिन म्हणजे सिग्नल सिक्वेन्स, सुरुवातीची साधारण १५ ते ३० अमिनो ॲसिड, मधला भाग पाण्याला नको असलेला. रायबोसोममधून, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रातून, ती डोकावली की एसआरपी नावाचा कण तिला धरतो, प्रोटीन बनणं थोडं मंदावतं, आणि अख्खा रायबोसोम नेऊन ईआरच्या सेक६१ चॅनेलवर बसवतो. पुढे प्रोटीन जसं बनेल तसं सरळ भोकातच जातं. (इथे पिनची उपमा जरा लंगडी पडते, सिग्नलचं टोक पुढे न जाता पडद्यात अडकून राहतं आणि बाकीचा दोरा वेटोळं करून आत शिरतो. परीक्षेत आकृती काढशील तेव्हा हे लक्षात ठेव.) मग सिग्नल पेप्टिडेज नावाचं एन्झाइम ते कापून टाकतं.

इन्सुलिनचंच बघ ना. आधी ११० अमिनो ॲसिडची साखळी बनते, २४ चा सिग्नल कापला की राहिले ८६, नंतर मधला तुकडाही कापला जातो आणि शेवटी इन्सुलिन उरतं फक्त ५१ चं. डायबेटिसवाल्यांच्या रिपोर्टमध्ये सी-पेप्टाइड लिहिलेलं असतं ना, तो हाच मधला तुकडा, ३१ चा (जोडावरची ४ अमिनो ॲसिड वेगळी गळतात).

आता गळतीचं. या चॅनेलची रचना २००४ मध्ये एका आर्कियाच्या (बॅक्टेरियासारखा दिसणारा एकपेशी जीव) प्रोटीनवरून दिसली, आकार डमरूसारखा, मध्ये कंबर बारीक. कंबरेला तेलकट अमिनो ॲसिडचं कडं, ते जाणाऱ्या दोऱ्याला घट्ट बिलगतं, आणि काही जात नसेल तेव्हा खाली छोटं बूच बसलेलं. झालं तुझं उत्तर. शिवाय हे चॅनेल बाजूनेही उघडतं, जी प्रोटीनं पडद्यातच राहणार ती तिथून सरकतात.

गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी या पेशींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये सिग्नलची कल्पना मांडली तेव्हा हातात पुरावा जवळजवळ नव्हता, तो ब्लोबेलच्या लॅबमधून १९७५ मध्ये आला, आणि नोबेल १९९९ ला. बक्षिसाचे पैसे ब्लोबेल यांनी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या ड्रेस्डेन शहरासाठी देऊन टाकले, मला तर सायन्सपेक्षा हेच आधी आठवतं.

मायटोकॉन्ड्रियाचं वेगळं. माणसात त्याच्या स्वतःच्या डीएनएतून जेमतेम १३ प्रोटीनं बनतात, बाकी सगळी बाहेर बनून आत येतात, आणि बरीचशी पूर्ण बनल्यावर. इथे पिनेवर प्लस चार्ज, आतली बाजू मायनस, त्यामुळे ती ओढली जाते, आणि आतून हीट शॉक प्रोटीन ७० दोरा धरून ठेवतं, आपण नाडी मागे सरकू नये म्हणून चिमटीत धरतो ना तसं. दोराच जातो याचा पुरावा काय विचारशील, तर १९८६ चा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गॉटफ्रीड शात्झ यांच्या लॅबचा प्रयोग वाच. त्यांनी उंदराच्या डीएचएफआर एन्झाइमला ही पिन जोडली, ते आरामात आत गेलं. मग मेथोट्रेक्सेट टाकलं, ते औषध या एन्झाइमला इतकं पक्कं चिकटतं की घडी उलगडतच नाही, आणि आत जाणं बंद. नाडीला गाठ मारून नेफ्यात घालून बघ, तेच होतं.

अपवाद आहेत. न्यूक्लियस आणि पेरॉक्सिसोममध्ये (पेशीतली एन्झाइमची छोटी पिशवी) घडी बसलेलं प्रोटीनही जातं, पेरॉक्सिसोमचा पत्ता तर बहुतेक वेळा शेवटची तीनच अमिनो ॲसिड, सेरीन-लायसिन-ल्युसिन. पत्ता चुकला की काय होतं? प्रायमरी हायपरऑक्सल्युरिया या आनुवंशिक आजाराच्या काही पेशंटमध्ये लिव्हरचं एक एन्झाइम चालू असतं, पण पेरॉक्सिसोमऐवजी मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं, मग ऑक्सलेट साचतं आणि किडनीत खडे.

तुझ्या आकृतीत रायबोसोम पडद्यापासून लांब काढलायस, तो आधी चॅनेलला चिकटव. चॅपरॉनबद्दल (प्रोटीनच्या घडीला मदत करणारी प्रोटीनं, वरचं हीट शॉक प्रोटीन ७० त्यातलंच) काही अडलं तर विचार, पण विसर्जनानंतर, सध्या घरी गणपती आहेत.