चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, तेव्हा

१९९५ पासून पुण्यात जोडणी झालेल्या मर्सिडीज ई २५० डिझेलपैकी एखादी गाडी तुम्ही घेतली असेल, आणि चावी फिरवूनही तिचे इंजिन धडधडतच राहत असेल, तर घाबरून इग्निशनचे कुलूप बदलू नका. या इंजिनाचा डिझेलपुरवठा विजेने नव्हे, तर निर्वाताने (व्हॅक्यूमने) बंद होतो; म्हणून दोष बहुधा गळक्या नळीत असतो. तूर्त बॉनेट उघडून इंजेक्शन पंपाजवळचा (इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाजवळचा) इंजिन थांबवण्याचा दांडा दाबा.

मग शोध सुरू करा. प्लास्टिकच्या बारीक नळ्या सहसा टिकतात, परंतु त्यांना जोडणारे रबरी तुकडे उष्णतेने कडक होऊन चिरतात. तेव्हा प्रत्येक सांधा बोटांनी वाकवून पाहा. निर्वात निर्माण करणारा हातपंप आणि त्यावरील मापक विकत घ्याच, कारण नळ्यांची एकेक शाखा वेगळी करून काटा किती वेळ स्थिर राहतो हे पाहिल्याखेरीज गळती नेमकी सापडत नाही. ब्रेकचा बूस्टरही (पेडल हलके करणारे साधन) इंजिनावरच्या त्याच निर्वात पंपावर चालतो. त्यामुळे ब्रेकचे पेडल जड लागत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, असे मी कळकळीने सांगतो.