रिअ‍ॅक्टर गंजला, दाव्याला उरले 10 महिने

लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराचा प्रश्न आहे. क्लॅड प्लेटचा, म्हणजे दोन धातूंच्या जोडलेल्या थरांचा रिअ‍ॅक्टर (रासायनिक प्रक्रियेचं भांडं), आतून 304 स्टेनलेस, बाहेरून कार्बन स्टील. डिस्पॅचला 26 महिने झाले. परवान्यासाठी तो 13 महिने पडून होता. चालू केल्यावर दहाव्या महिन्यात नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) वेल्डखाली गंजाचे तपकिरी ओघळ दिसले. तो बनवून देणारा फॅब्रिकेटर म्हणतो, गॅरंटी संपली. आता काय करायचं?

संपलीच आहे. ‘डिस्पॅचपासून 18 किंवा कमिशनिंगपासून 12 महिने, यातलं जे आधी’ ही गॅरंटीची अट आहे, हे सही करतानाच वाचायला हवं होतं. पण रिअ‍ॅक्टर कशासाठी हवा हे तुम्ही ऑर्डरमध्ये लिहिलं असेल, तर मालविक्री कायद्याच्या कलम 16 खाली तो त्या कामाला योग्य असणं ही वेगळी जबाबदारी आहे. ‘याखेरीज कोणतीही जबाबदारी नाही’ असं वाक्य कागदांत असेल तर मात्र अवघड. माल वापरून झालाय, त्यामुळे परत करता येणार नाही. भरपाई मागता येईल.

सगळं अडलंय ते तारखेवर. दाव्याची मुदत 3 वर्षं, आणि ती गंज दिसल्यापासून नव्हे, माल मिळाल्यापासून मोजली जाईल असंच धरून चाला. उलट युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ‘माणूस पाठवतो’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकत तुम्ही 3 महिने घालवलेत. त्याने मुदत एक दिवसही वाढत नाही.

त्यात फॅब्रिकेटरच्या माणसाला आत उतरून ग्राइंडर मारू दिलात, वरून वेल्डही करू दिलंत! पुरावाच घासला गेला. आता एकही ठिणगी नको.

‘हीट ट्रीटमेंट नीट केली होती’ म्हणून तो चार्ट दाखवतो ना? त्याची प्रत आणि प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट लेखी मागा. वेल्डनंतर कार्बन स्टीलसाठी 600 ते 650 अंशांची भट्टी लावतात. पण आतल्या साध्या 304 ला साधारण 425 ते 850 अंशांतच धोका. तिथे गंजापासून वाचवणारं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं, धातूच्या कणांच्या कडा उघड्या पडतात आणि गंज आत शिरतो. तो चार्ट तुमच्या बाजूचा पुरावा ठरू शकतो. सर्टिफिकेटवर 304एल, म्हणजे कमी कार्बनचं 304 निघालं, तर हा मुद्दा लंगडा. मग वेल्डमध्ये 309एल या जास्त क्रोमियमच्या स्टेनलेसचा थर न देता कार्बन स्टील मिसळलं का, ते तपासावं लागेल.

तो ‘तुमच्या क्लोराइडने खाल्लं’ म्हणणारच. म्हणून न घासलेल्या भागाचा नमुना, त्याला लेखी कळवून, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. नोटीस याच आठवड्यात, रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने. व्यापारी न्यायालयात जाण्याआधी मध्यस्थीचा अर्जही करावा लागेल.