सोसायटीची कागदपत्रे बिटकॉइनवर ठेवायची? साखळीवर ३२ बाइट पुरतात

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्याच जुन्या घोळाची आठवण झाली. मुलुंडच्या सोसायटीची इतिवृत्तं आणि शेअर रजिस्टरची पानं, प्रत्येकी साधारण २ एमबीच्या ४० पीडीएफ, रीडेव्हलपमेंटच्या आधी बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर (सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सामायिक साखळीवर) कायमची ठेवायची, आणि फी खजिनदारांच्या वॉलेटमधून भरायची, असा तुमचा बेत आहे. वॉलेट, सीड (वॉलेट परत मिळवायचे शब्द) वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी हिशेब. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यात, १० लाख व्हर्च्युअल बाइट (जागा आणि फी मोजायचं माप) मावतात. २०१७ च्या सेगविट या बदलापासून विटनेस (सह्यांच्या) भागातला बाइट पाव धरला जातो. तिथे घालून ती सवलत घेतली तरी २ एमबीची एक फाइल ५ लाख व्हर्च्युअल बाइट खाते, म्हणजे अर्धा ब्लॉक. ४० फायलींना २० ब्लॉक लागतील. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ दुसऱ्या कुणाचे पैसे पुढे सरकणार नाहीत. प्रति व्हर्च्युअल बाइट ५ सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) इतका हलका दर धरला तरी फाइलमागे २५ लाख सातोशी, आणि ४० फायलींना अख्खा एक बिटकॉइन. शिवाय नोड (साखळीची प्रत ठेवणारे संगणक) एका व्यवहाराला ४ लाख वजनापर्यंतच, म्हणजे १ लाख व्हर्च्युअल बाइटपर्यंतच पुढे पाठवतात, त्यामुळे व्यवहाराचा बाकीचा भाग धरता प्रत्येक फाइलचे किमान सहा तुकडे करावे लागतील.

याउलट फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून गणिताने काढलेला ठसा) फक्त ३२ बाइटचा असतो. तो ओपी रिटर्नमध्ये (व्यवहारात छोटा मजकूर लिहायच्या जागेत) घातलेला साधा व्यवहार १५० व्हर्च्युअल बाइटच्या आसपास जातो, म्हणजे त्याच दराने साधारण साडेसातशे सातोशी. चाळीसही हॅश मर्कल वृक्षात (जोड्यांचे पुन्हा हॅश काढत एकावर आणायच्या रचनेत) गुंफले तर मुळाशी पुन्हा ३२ बाइटच उरतात.

'फी भरली की जागा माझी' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. फी एकदाच जाते आणि ती मायनरला, म्हणजे ब्लॉक बांधणाऱ्याला मिळते. तो डेटा सांभाळण्याचं ओझं मात्र नोड चालवणाऱ्यांवर कायमचं राहतं, आणि त्यांना त्यातला एक सातोशीही मिळत नाही. पागडीच्या खोलीसारखं आहे हे: एकदा रक्कम मोजून पिढ्यान्‌पिढ्या जागा अडवायची, डागडुजी दुसऱ्याने करायची. नेमकॉइनने (नावं नोंदवायच्या एका साखळीने) २०११ मध्येच यावर तोड काढली होती. तिथे नोंदवलेलं नाव ३६,००० ब्लॉकच्या आत नूतनीकरण केलं नाही तर सुटतं. इथेरियम या दुसऱ्या साखळीने मार्च २०२४ मध्ये आणलेले ब्लॉबसुद्धा (तात्पुरत्या डेटाचे गठ्ठे) साधारण १८ दिवसांनी नोड टाकून देतात. बिटकॉइनमध्ये अशी मुदत नाही, म्हणून हात आपणच आखडता घ्यायचा.

दुसरी बाजूही खरी आहे. एप्रिल २०२४ पासून मायनरचं बक्षीस ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइनवर आलंय, पुढे ते आणखी घटेल, आणि डेटावाल्यांची फी त्यांना हवीच आहे. पण मे २०२३ मध्ये ऑर्डिनल्स आणि बीआरसी-२० (साखळीवर चित्रं आणि टोकन लिहायच्या पद्धती) यांच्या गर्दीत काही ब्लॉकची फी तेव्हाच्या ६.२५ च्या बक्षिसापेक्षा जास्त झाली होती. अशा दिवशी ज्याला थोडे पैसे पाठवायचे असतात, तो रांगेबाहेर पडतो.

एक पद्धत मात्र अजिबात नको: डेटाचे तुकडे खोट्या पत्त्यांच्या रूपात लिहिणं. ते पैसे कधीच खर्च होत नाहीत, त्यामुळे न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीत ती नोंद कायमची बसते. जुने ब्लॉक पुसून फक्त ५५० एमबीचे ब्लॉक ठेवणाऱ्या छोट्या नोडलाही ती यादी ठेवावीच लागते. ओपी रिटर्न त्या यादीत शिरत नाही. २०१४ मध्ये त्याची मर्यादा ४० बाइट होती, पुढे ८० झाली. ऑक्टोबर २०२५ च्या कोअर ३० मध्ये (कोअर म्हणजे नोडचं मुख्य सॉफ्टवेअर) ती १ लाखावर गेली. मर्यादा वाढली म्हणून ३२ चे ३२ हजार करायची गरज नाही.

आता आम्हाला सर्वांत महाग पडलेली चूक. हॅश काढला होता तो आमच्याकडच्या मूळ फायलींचा. नंतर एका कार्यालयाने त्या पोर्टलवर चढवायला लावल्या, पोर्टलने त्या दाबून लहान केल्या, आणि पुढे 'हीच अधिकृत प्रत' म्हणून ती लहान प्रत परत दिली. एक बाइट बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. चूक कळेपर्यंत मूळ फायलींचा संगणक भंगारात गेला होता. साखळीवर पुरावा शाबूत, पण कशाचा, हे दाखवायला हातात काहीच नाही. त्या कार्यालयात विचारलं तर 'कागद तोच आहे ना' एवढंच उत्तर! कागद तोच, फाइल वेगळी, हे त्यांना शेवटपर्यंत पटवता आलं नाही.

म्हणून क्रम पाळा. आधी स्कॅन, मग लागत असेल तर डिजिटल सही, आणि सगळ्यात शेवटी हॅश. सही नंतर केली तर हॅश बाद. पीडीएफ उघडून पुन्हा 'सेव्ह' करू नका, आतल्या तारखा बदलू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून; फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते. फाइलचं नाव बदललं तर हॅशला काही होत नाही. मूळ प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक सोसायटीच्या ऑफिसबाहेर. जुलैतल्या गळतीपासून कागदाला साखळी वाचवत नाही, फायलीची दुसरी प्रत वाचवते.

खरं तर तुम्हाला स्वतःचा व्यवहारही नको. ओपनटाइमस्टॅम्प्स हेच काम फुकट करतं: हजारो हॅश एकत्र करून एकाच व्यवहारात बांधतं. चाळीसही फायलींवर एकदम 'स्टॅम्प' चालवा, प्रत्येकीशेजारी 'ओटीएस' फाइल तयार होईल. ती तेव्हा अर्धवट असते. दुसऱ्या दिवशी 'अपग्रेड' चालवायला विसरू नका, नाहीतर पुरावा त्यांच्या सर्व्हरवर अवलंबून राहतो.

तरीही स्वतःच करायचं असेल तर खजिनदारांचं वॉलेट नको. पुरावा दाखवाल तेव्हा व्यवहार दिसेल, आणि त्याच्या सुट्या पैशांचा माग काढत सोसायटीची शिल्लकही कुणाला दिसू शकेल. वेगळं वॉलेट घ्या, त्यात कन्फर्म झालेली थोडी रक्कम ठेवा आणि आरबीएफ (जुन्या व्यवहाराच्या जागी जास्त फीचा पाठवायची सोय) चालू करा, म्हणजे अडकलेल्या व्यवहाराची फी वाढवता येईल. विक्रीच्या नफ्यावरचा ३० टक्के कर आणि विक्रीवरचा १ टक्का टीडीएस याबद्दल सीएंना विचारा. मी सीए नाही आणि वकीलही नाही.

मोबाइल किंवा आधार क्रमांकाचा नुसता हॅश कुठेही लिहू नका. आकडे मोजकेच असतात, एकेक करून पडताळता येतात. आधी ३२ बाइटचा यादृच्छिक मजकूर जोडा आणि तो जपून ठेवा.

साखळीवरची नोंद फाइल त्या वेळी अस्तित्वात होती एवढंच सांगते. सह्या खऱ्या की खोट्या हे नाही. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र वेगळं लागेल. त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे, तिथे हाच एसएचए-२५६ टाका.

कुणी विक्रेता टेस्टनेटवर (चाचणीपुरत्या साखळीवर) फुकट ठेवून देतो म्हणाला तर नको म्हणा. पॉलिगॉन या साखळीचं 'मुंबई' नावाचंच टेस्टनेट एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं.

आधी एकाच इतिवृत्तावर सगळं करून पाहा. दुसऱ्या दिवशी अपग्रेड करा, मग ती फाइल आणि तिची ओटीएस पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कुणाच्या संगणकावर 'व्हेरिफाय' चालवा. तिथे जुळलं की उरलेल्या ३९ घ्या.